आधी बसावे, मग पाहावे

पाहुणा दारात आला की आपण त्याला आधी ‘बसा’ म्हणतो, पाण्याचे तांब्याभांडे पुढे ठेवतो आणि मग येण्याचे कारण विचारतो. ही रीत इतकी अंगवळणी पडलेली आहे की तिचा निराळा विचार करण्याचा प्रसंग सहसा येत नाही. परंतु एखाद्या ऐतिहासिक नगरीतील वस्तुसंग्रहालयात आपण स्वतः पाहुणे म्हणून जातो, तेव्हा मात्र ना ते आपणांस ‘बसा’ म्हणते, ना आपण बसावयास जागा मागतो. तिकीट काढावे, पहिल्या दालनात शिरावे आणि शेवटच्या दालनातून बाहेर पडेपर्यंत पायांना उसंत देऊ नये, हाच संग्रहालय पाहण्याचा योग्य मार्ग, अशी माझी समजूत पन्नाशी ओलांडेपर्यंत होती. गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत लंडन येथे, चहाच्या एका टेबलाशी बसून, ती मला सोडून द्यावी लागली. त्याची ही हकीकत.

तीस वर्षे शाळेत काढलेल्या माणसाला प्रवासातही वेळापत्रक लागते. कन्येचा विवाह होऊन ती तिकडे स्थायिक झाली, तिने आम्हां उभयतांस बोलावून घेतले, तेव्हा वडोदऱ्याहून निघण्यापूर्वीच मी एका दोनशेपानी वहीत सर्व आखणी केली होती. अमुक दिवशी अमुक संग्रहालय, त्यातील अमुक दालने, प्रत्येकास इतकी मिनिटे. वहीत चहाचा उल्लेख कोठेही नव्हता. सौ.ने ती वही चाळली आणि ‘बरं’ एवढेच म्हणून मिटून ठेवली. तिच्या ‘बरं’चा अर्थ मला अठ्ठावीस वर्षांच्या संसारात कळावयास हवा होता. पण आम्ही शिक्षक मंडळी दुसऱ्यांच्या उत्तरपत्रिका जितक्या बारकाईने वाचतो, तितकी घरातील माणसे वाचत नाही.

तिच्या गुडघ्यांचे दुखणे गेल्या सहा-सात वर्षांतले. तत्पूर्वी अजिंठा झाला, हंपी झाली, हैदराबादचे सालारजंग संग्रहालय झाले. सर्व ठिकाणी मी पुढे आणि ती दहा पावले मागे, असाच आमचा प्रवास. सालारजंगमध्ये ते सुप्रसिद्ध घड्याळ तासाचे टोले देते, तेव्हा मंडळी समोर बसून वाट पाहतात. तेथे दहा मिनिटे बसावयास मिळाले, म्हणून त्या सबंध वास्तूतील तेवढीच एक वस्तू तिच्या मनात राहिली आहे. ह्यातील मर्म माझ्या तेव्हा ध्यानी आले नाही.

लंडनमधील दक्षिण केन्सिंग्टन ह्या भागात व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय आहे. रेल्वेस्थानकापासून एक लांब भुयारी वाट थेट त्याच्यापाशी नेते. प्रवेशास पैसे पडत नाहीत. टिपू सुलतानाचा तो लाकडी वाघ, महाराजा रणजितसिंगांचे सुवर्णासन, शहाजहानचा शुभ्र मद्यचषक अशा आपल्याकडून गेलेल्या कित्येक वस्तू तेथे आहेत, आणि त्या सर्व माझ्या वहीत अनुक्रमांकासह होत्या. परंतु कन्येने आम्हांस त्यांपैकी एकीपाशीही थांबू दिले नाही. मूर्तींमधून वाट काढीत, मधल्या चौकातील उथळ पाण्याच्या कडेने, ती आम्हांला तडक पलीकडच्या अंगाच्या उपाहारगृहात घेऊन गेली.

“अगं, आत्ताच तर घरून न्याहारी करून निघालो. काही न पाहताच चहा कसला?” मी म्हणालो.

“बाबा, आईला आधी बसू दे. आणि पाहायला सुरुवात झालीच आहे. जरा वर बघा ना!”

मी वर पाहिले. खांबांपासून भिंतींपर्यंत सर्वत्र चकाकती चिनी माती, तिच्यावर उठावाची चित्रे, रंगीत काचांच्या खिडक्या आणि छतापासून लोंबणारे दिव्यांचे प्रचंड गोल. एखाद्या संस्थानिकाच्या दरबार महालात कोणी चहाची टेबले मांडावीत, तसा तो देखावा होता. भिंतीच्या वरच्या अंगाला सलग पट्टीवर अक्षरे कोरल्यासारखी दिसत होती. खाणेपिणे आणि आपल्या श्रमांचे सुख भोगणे ह्यांविषयीचे ते बायबलमधील वचन आहे, असे कन्येने सांगितले. पंगतीत पान वाढून झाल्यावर आपण श्लोक म्हणतो, त्याची मला आठवण झाली. देश कोणताही असो, घास घेण्यापूर्वी माणसाला दोन शब्द म्हणावेसे वाटतात.

ह्या खोलीचा इतिहास मी मागाहून मिळवून वाचला, आणि तो वाचल्यापासून माझा विरोध मावळत गेला. १८५१ साली लंडनच्या हाइड पार्कमध्ये जे भव्य औद्योगिक प्रदर्शन भरले, त्यास सुमारे साठ लाख भेटी पडल्या. त्या प्रेक्षकांनी सोडावॉटर, लेमोनेड इत्यादी पेयांच्या दहा लाखांहून अधिक बाटल्या रिचविल्या आणि बाथ बन नावाचे गोड पाव नऊ लाखांवर फस्त केले. प्रदर्शनाच्या चालकांपैकी एक होते हेन्री कोल. तेच पुढे ह्या संग्रहालयाचे पहिले संचालक झाले. माणसे पाहावयास येतात तेव्हा पोट घरी ठेवून येत नाहीत, हे त्या प्रदर्शनात जो कोणी वावरला, त्यास निराळे शिकविण्याची गरज नव्हती. प्रदर्शनाच्या शिलकीतून केन्सिंग्टनची जमीन घेतली गेली आणि १८५७ साली तेथे संग्रहालय उघडले. दिवसभर राबणाऱ्या कामकऱ्यास संध्याकाळी येता यावे, म्हणून दालनांत गॅसचे दिवे लावले. भुकेल्याने यावे, म्हणून आवारातच खाण्याची सोय केली. वस्तुसंग्रहालयाने चालविलेले जगातील पहिले उपाहारगृह ते हेच, असे मानले जाते.

आरंभीची जागा अगदी साधी होती व ती पुढे पाडली. तिच्याऐवजी १८६० नंतरच्या दशकात एकास लागून एक अशा तीन खोल्या सजविण्याचे काम निघाले. मधल्या मोठ्या खोलीत, जिच्यात आम्ही बसलो होतो, चिनी माती वापरली ती केवळ शोभेसाठी नव्हे. ती धुता येते आणि आगीस दाद देत नाही. एका बाजूची हिरवी खोली विल्यम मॉरिस ह्यांच्या संस्थेकडे सोपविली. त्या काळी मॉरिस तिशीतले होते आणि त्यांचे नाव फारसे कोणास ठाऊक नव्हते. दुसऱ्या बाजूच्या खोलीत निळ्या-पांढऱ्या फरशा आहेत. त्या रंगविण्याचे काम तेथील कलाशाळेतील विद्यार्थिनींनी केले. १८६०-७० च्या सुमारास मुलींच्या हातचे काम सार्वजनिक वास्तूच्या भिंतीवर कायमचे बसविले जावे, ही गोष्ट शाळामास्तर म्हणून मला विशेष वाटली.

खाण्याचे वर्गही तीन होते. पहिला वर्ग उंची खाणाऱ्यांचा, दुसरा मध्यम खिशाचा आणि तिसरा कारागीर, इमारतीवर राबणारे मजूर ह्यांच्यासाठी. अशी वर्गवारी आज कोणी मांडणार नाही, आणि मांडू नये. परंतु ज्या काळी मजुराला अशा वास्तूच्या दारात उभे करावयासही पुष्कळांची तयारी नसे, त्या काळी त्याच्याही जेवणाचा विचार एका संग्रहालयाने केला होता, हे मी वाचले आणि मला आमच्या कमाटीबागेतील एक दुपार आठवली.

वडोदऱ्याच्या वाचकांस कमाटीबागेतील संग्रहालयाविषयी सांगण्याची आवश्यकता नाही. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी ते उभारले, १८९४ साली त्याची इमारत पूर्ण झाली, आणि ममी व देवमाशाचा सांगाडा पाहिला नाही असे मराठी मूल गावात मिळणे कठीण. मी नवा नवा शिक्षक झालो होतो. पाचवीचा वर्ग रांगेने दालनादालनांतून फिरवीत होतो. एका कोपऱ्यात एक मुलगा भिंतीशी उकिडवा बसून डब्यातली भाकरी गुपचूप तोंडात कोंबीत होता. मी त्याला सर्वांदेखत उठविले, डबा बंद करविला आणि उरलेला वेळ बाहेर पायऱ्यांवर उभे केले. दालनात खाऊ नये हा नियम योग्यच आहे. अन्नाच्या कणांनी मुंग्या, झुरळे आणि कसर येते, व शेकडो वर्षे टिकलेली वस्तू एका मोसमात खराब होऊ शकते. परंतु तो मुलगा पहाटे चारला उठून दूध टाकून आला होता आणि त्याने सकाळपासून काही खाल्लेले नव्हते, हे मला दुसऱ्या दिवशी त्याच्या मोठ्या बहिणीकडून कळले. पुढच्या वर्षी सहलीच्या यादीत त्याने नाव दिले नाही. मी त्यास कारण विचारले नाही. कारण मला ठाऊक होते.

नियम माझ्या बाजूस होता आणि तरी चूक माझी होती. दालनात खाऊ नये असे सांगणाऱ्याने, मग कोठे बसून खावे हेही सांगावयास हवे. कोल ह्यांनी १८५७ साली सांगितले. मी इतक्या वर्षांनंतरही सांगू शकलो नाही.

संग्रहालयात थकवा येतो तो का, ह्याचाही कोणी शास्त्रशुद्ध विचार केला असेल, असे मला वाटले नव्हते. अमेरिकेतील बोस्टनच्या कलासंग्रहालयात बेंजामिन आइव्हज गिलमन नावाचे अधिकारी होते. त्यांनी १९१६ साली ह्याच थकव्यावर एक लेख लिहिला. एका माणसाला कपाटांतील वस्तू नीट पाहून काही प्रश्नांची उत्तरे देण्यास सांगावयाचे आणि त्याची छायाचित्रे घ्यावयाची, अशी त्यांची पद्धत. छायाचित्रांत तो बिचारा कोठे कमरेत वाकला आहे, कोठे गुडघ्यांवर बसला आहे, कोठे मान वेळावून डोकावतो आहे. तात्पर्य असे की आपण ज्याला कंटाळा म्हणतो तो पुष्कळदा देहाचा शीण असतो. मांडणीच अशी असते की पहिल्या काही कपाटांनंतर माणूस नुसता डोळ्यांवरून वस्तू जाऊ देतो. इतकी वर्षे सहलीनंतरच्या निबंधांत मुले ‘खूप मजा आली’ ह्यापलीकडे काही लिहीत नाहीत, म्हणून मी त्यांच्या निरीक्षणशक्तीस दोष देत आलो. दोष त्यांच्या शक्तीचा नव्हता.

चहा आला. सोबत स्कोन नावाचा खुसखुशीत पाव, साय आणि मुरंबा. किंमत ऐकून मी मनातल्या मनात पौंडांचे रुपये केले आणि कप जरा जपून उचलला. आमच्याकडे तेवढ्या रकमेत आठवडाभर चहा होतो. सौ.ने पर्समध्ये घरून आणलेल्या लीला चिवड्याची पुडी होती, पण तेथे बाहेरचे काढू नये म्हणून तिने ती उघडली नाही. ती खिडकीच्या रंगीत काचेकडे पाहत होती. बऱ्याच वेळाने म्हणाली, “अहो, तुमच्याबरोबर मी किती गावं पाहिली! पण बसून पाहिलेलं हे पहिलंच.”

तिच्या स्वरात तक्रार नव्हती. असती तर मी उत्तर देऊ शकलो असतो. मी वही बंद केली आणि तिला विचारले, “मग आज काय पाहायचं? तू सांग.”

तिने एकच वस्तू मागितली. अंगणात उभा जन्म रांगोळ्या काढणारी बाई. तिला तेथला प्रसिद्ध इराणी गालिचा पाहावयाचा होता. अर्दबिलचा गालिचा म्हणून तो ओळखला जातो. त्यावर विणलेल्या हिजरी सनानुसार तो १५३९-४० सालचा. लांबी सुमारे साडेदहा मीटर, रुंदी पाच मीटरांहून अधिक. १८९३ साली संग्रहालयाने तो दोन हजार पौंडांस घेतला, आणि घ्यावाच असा आग्रह धरणाऱ्यांत तेच विल्यम मॉरिस होते, ज्यांच्या संस्थेने सजविलेली हिरवी खोली आमच्या टेबलापासून चार पावलांवर होती. उपाहारगृहातून आपण संग्रहालयात जातो, असे म्हणणे तेथे खरे पाहता बरोबर नाही. आपण संग्रहालयातच असतो.

गालिचा जमिनीवर काचेच्या आवरणाखाली अंथरलेला आहे. रंग विटू नयेत म्हणून तेथे दिवे मंद असतात, आणि दर अर्ध्या तासाने केवळ दहा मिनिटे ते उजळतात. एरवी मी ‘नंतर येऊ’ म्हणून पुढे निघालो असतो. त्या दिवशी आम्ही बसून वाट पाहिली. दिवे उजळले आणि निळ्या पार्श्वभूमीवरचे ते सुवर्णवर्णी कमळ, त्याच्याभोवतीच्या पाकळ्या, दोन्ही अंगांना लोंबणारे दोन दीप असे सर्व उमटून आले. मी माहितीचा फलक वाचीत होतो. सौ. मात्र गालिचाच पाहत होती. थोड्या वेळाने तिने मला कोपराने ढोसले.

“अहो, ते दोन दिवे सारखे नाहीत. तो एक लहान आहे.”

मला ते दिसले नव्हते. ती म्हणाली म्हणून मी पुन्हा पाहिले. खरोखरच एक दीप मोठा आणि एक लहान. जाणकारांतही ह्याविषयी निरनिराळी मते आहेत. लहान दिव्याच्या बाजूने पाहणाऱ्यास दूरचा आणि जवळचा दीप समान भासावेत, ह्यासाठी ही योजना असावी, असे काही म्हणतात. परिपूर्णता ही परमेश्वराचीच, म्हणून विणकराने एक उणीव मुद्दाम ठेवली, असे इतर म्हणतात. सौ.चे मत तिसरेच होते. “रांगोळी काढताना दुसऱ्या अंगाला पीठ पुरणार नाही असं वाटलं, की हात आपोआप आखडतो,” ती म्हणाली. विद्वानांनी ह्या मताची नोंद घ्यावी असा माझा आग्रह नाही. परंतु ज्या बाईला मी अठ्ठावीस वर्षे माझ्यामागून चालविले, तिला बसू दिल्याबरोबर तिने माझ्याहून अधिक पाहिले, एवढी नोंद मला घेणे भाग पडले.

ह्या प्रकाराविरुद्ध बोलणारे नाहीत असे नाही. १९८८ साली ह्याच संग्रहालयाने अशा अर्थाची जाहिरात केली होती की आमचे उपाहारगृह उत्तम आहे, आणि त्याला एक बऱ्यापैकी संग्रहालयही जोडलेले आहे. तेव्हा पुष्कळ मंडळी संतापली. देवळात गाभाऱ्यापेक्षा प्रसादाच्या लाडवाचे माहात्म्य वाढावे, तसे ते त्यांना वाटले असावे. त्यांची भीती अगदी पोकळ नाही. चहा पिऊन, छायाचित्रे काढून, एकही वस्तू न पाहता परतणारे लोक मीही तेथे पाहिले. दरही सर्वांना परवडणारे नाहीत, आणि ज्यांच्यासाठी कोल ह्यांनी ही सोय केली त्या कामकऱ्यांना आज तो चहा स्वस्त वाटेल असे मला म्हणवत नाही. त्या जुन्या खोल्याही १९३९ साली बंद पडल्या आणि २००६ साली पुन्हा उपाहारगृह म्हणून उघडल्या. म्हणजे मधली कित्येक दशके लोक त्या खोल्यांत न बसताही संग्रहालय पाहत होतेच. तरी मला वाटते, प्रसादासाठी देवळात आलेले मूल कधीतरी मूर्तीकडेही पाहते. जे आलेच नाही, त्याच्याविषयी काही आशा नाही.

वाचकांपैकी जे कोणी परगावी जाण्याच्या तयारीत असतील, त्यांना अनुभवाचे दोन शब्द सांगतो. नगरी जितकी जुनी, तितका पाहण्याचा लोभ अधिक, तो आवरावा. संग्रहालयात उपाहारगृह असेल तर शेवटी दमून जाण्याऐवजी आधी जावे. व्हिएन्नाच्या कलासंग्रहालयात तर भव्य घुमटाखालीच कॉफीची टेबले मांडलेली असतात. अशा ठिकाणी छत पाहणे आणि कॉफी पिणे एकाच वेळी होते. बसल्या जागी ठरवावे की आज एक दालन, फार तर दोन. घरातील वडीलधाऱ्यांना निवड करू द्यावी. उपाहारगृह नसेल किंवा दर झेपणारे नसतील, तर बाहेर झाडाखाली बसावे, पाणी प्यावे, डबा उघडावा. मुख्य गोष्ट बसण्याची आहे, स्कोनची नव्हे.

परत आल्यावर ह्या हिवाळ्यात मी पाचवीच्या वर्गाबरोबर कमाटीबागेत गेलो. वेळापत्रक मीच आखले, पण ह्या वेळी त्यातली पहिली ओळ ‘डबा’ अशी होती. मुले हिरवळीवर गोल करून बसली. ज्यांच्याकडे डबा नव्हता अशी चार मुले निघाली; त्यांच्यासाठी आम्ही शिक्षकांनी पोळीभाजी जास्तीची आणली होती, तेव्हा कोणाला कोणाकडे पाहावे लागले नाही. हात धुवून झाल्यावर आत गेलो आणि एकच दालन पाहिले, देवमाशाचे. मुलांना तेथे जमिनीवर मांडी घालून बसविले व पंधरा मिनिटे काहीही सांगितले नाही. दुसऱ्या दिवशीच्या निबंधात एका मुलीने त्याच्या बरगड्या मोजून लिहिल्या होत्या. दुसऱ्या एकाने लिहिले होते की इतका मोठा मासा मेला तेव्हा तो भुकेला होता का, हे कोठेच लिहिलेले नाही.

त्या प्रश्नाखाली लाल शाईने काय लिहावे, हे मला सुचेना. मी नुसती बरोबरची खूण केली. निघताना मात्र मी संग्रहालयाच्या पायऱ्यांवर, जेथे पूर्वी एका मुलाला उभे केले होते, तेथे थोडा वेळ बसलो होतो. दगड उन्हाने तापलेला होता. इतकी वर्षे ह्या वास्तूत येतो-जातो, पण त्या पायऱ्यांवरून बाग कशी दिसते, हे मी त्या दिवशी प्रथम पाहिले.